एका हाताचा घोडा

नाना, काल सकाळी घोड्याने तुमच्या मुलाच्या हातून हरभऱ्याची चंदी खाल्ली. नुसती खाल्ली नाही, बादली चाटूनपुसून साफ केली आणि वर ह्यांच्या सदऱ्याचा खिसाही हुंगून पाहिला. तुम्ही असता तर म्हणाला असता, सूनबाई, तुझी बघण्यात काहीतरी गफलत झाली. नाही झाली. मी फाटकात उभी राहून बघितलं. डाव्या मनगटाला प्लास्टर, हात गळ्यात अडकवलेला, शेजारीण मागून माझी पिशवी घेऊन येतेय, आणि समोर तुमचा मुलगा, ज्याला तुम्ही हयातभर तबेल्याच्या उंबऱ्याआत येऊ दिलं नाहीत, तो घोड्याच्या तोंडाशी तळहात धरून उभा. आदल्या दिवशी मी हौदाजवळच्या शेवाळावरून घसरले. नाशिकच्या दवाखान्यात मला ठेवून घेतलं तेव्हा मीच ह्यांना घरी पिटाळलं होतं. घोडा माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही हे दारच्या कुत्र्यालाही ठाऊक, म्हणून म्हटलं, निदान पाणी तरी दाखवा. मनगट ठणकत होतं, पण माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही तो घोडा उपाशी उभा असेल या काळजीने. आणि हा गडी इकडे मजेत हरभरे चावत होता.

ह्यांनी मला पाहिलं आणि शाळेतल्या पोराने पाटी दाखवावी तशी रिकामी बादली वर करून दाखवली. "खाल्लं बघ त्यानं! समदं खाल्लं!" मी म्हटलं, "बादली धुऊन ठेवा." तेवढंच सुचलं. मग आत जाऊन रडले. शेजारणीला वाटलं हात दुखतोय, तिने दुधात हळद घालून दिली.

हे मी तुम्हालाच सांगू शकते, कारण मला या घोड्याशी बांधलं ते तुम्ही. 'बांधलं' हा शब्द तुमच्या हयातीत माझ्या तोंडून निघाला नसता. तेव्हा मी म्हणायचे, नानांनी माझ्यावर विश्वास टाकला. तुमच्या वेळचा घोडा गेला, आता आहे तो त्याचा मुलगा. याला मी शिंगरू होता तेव्हापासून तुमच्याच पद्धतीने वाढवला. माझा हात सोडून दुसरा हात लागू दिला नाही. तुम्ही गेल्यावर मला कोणी विचारणारं नव्हतं, तरी मी पद्धत मोडली नाही.

इगतपुरीहून लग्न होऊन आले तेव्हा घोडा पाहिला होता तो वरातीतला, तोही लांबून. वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या चाळीत, आमच्याकडे जनावर म्हणजे एक मांजर. शिवाय मी डावखुरी. शाळेत पट्ट्या खाऊन लिहायला तेवढी उजव्या हाताने शिकले, बाकी सगळं डाव्याने. आल्या आल्या पंगतीत मी भाकरी वाढायला गेले आणि सासूबाईंनी माझा हात हवेतच धरला. "डाव्या हातानं वाढतीस? या घरात पितरं जेवतील का गं?" पंगत माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही ताटावरून मान न उचलता म्हणालात, "हिला माझ्याकडं द्या. घोड्याला डावं-उजवं नाय कळत." लोक हसले. नाना, त्या क्षणी मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं. ज्या घरात माझा हात चुलीपाशी नको होता, तिथे कोणाला तरी तो हवा होता.

दुसऱ्या दिवशीपासून शिकवणी सुरू. हरभरे कसे भिजवायचे, भरडलेले जव त्यात किती घालायचे, गूळ कधी द्यायचा आणि कधी नुसता दाखवायचा. हाताला साबण लावायचा नाही, भिजवणीचं पाणी चोळायचं. बांगड्या दोनच, त्याही किणकिणणार नाहीत अशा. मी चंदी देत असताना बाकी कोणी तबेल्याच्या दारात यायचं नाही. "घोडा एका हाताचा असतो, पोरी. दुसरा हात लागला की गेला कामातून." असं म्हणून तुम्ही चंदीतून स्वतःचाही हात काढून घेतलात. तुमच्या मुलाला लहानपणी घोड्याने लाथ मारली होती. तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे बघून एकदाच मान हलवलीत ती कायमची. त्यांनी सिन्नरच्या कंपनीत नोकरी धरली, निवृत्त होईपर्यंत केली, आणि वळून तबेल्याकडे बघितलं नाही. मला वाटायचं घाबरतात. काल विचारलं तर म्हणाले, "घाबरत व्हतो की. पण दे म्हणून कोणी म्हटलंच नाय मला कधी."

आणि मग ती गोष्ट. कोणीही आपल्या घोड्याकडे घोडी लावायला घेऊन आला की तुम्ही त्याला ओसरीवर बसवायचात आणि चहा येईपर्यंत गोष्ट सुरू झालेली असायची. मला ती इतकी पाठ आहे की मी तुमच्या खोकल्यासकट सांगू शकते. इंग्रजांच्या अमलात सरकार विलायतेहून अस्सल थरोब्रेड घोडे आणवून गावोगावच्या ठाण्यांवर उभे करायचं. पलटणीला उंचपुरे घोडे हवे होते आणि आपल्याकडच्या घोड्या अंगाने लहान. तेव्हा शेतकऱ्यांनी आपापल्या घोड्या ठाण्यावर आणाव्यात, साहेबाने त्या पारखून घ्याव्यात, पसंत पडेल तिच्यावर शिक्का उठवावा, आणि मग तिला सरकारी घोडा फुकट. होणारं शिंगरू मोठं झालं की आधी पलटणीच्या साहेबाला दाखवायचं, त्याने नाकारलं तरच बाजारात न्यायचं. सिन्नरच्या ठाण्यावर आलेल्या अशाच एका घोड्याची देखभाल करणारे मोतद्दार म्हणजे तुमचे आजोबा. घोडा बोटीने मुंबईला उतरला, आगगाडीने नाशिक रोडला आला, आणि तिथून आजोबांनी त्याला चालवत आणला. इथवर सांगताना तुमचा हात मिशीवर असायचा.

त्या घोड्याने म्हणे आजोबांचा हात असा ओळखला की दुसऱ्या कोणाकडून दाणा घेईना. साहेबाने स्वतः पाहिलं आणि हुकूम सोडला, हा घोडा या एकाच माणसाच्या हाताचा, याने ठाणं सोडायचं नाही. पुढे आजोबांची आई वारली. गाव सकाळच्या चालीवर. निरोप आला, आजोबांनी ऐकला, आणि ते घोड्याला खरारा करत राहिले. मातीला गेले नाहीत. इथे तुमचा आवाज खाली यायचा, ऐकणारा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचा, आणि तुम्ही म्हणायचात, "हुकूम म्हंजे हुकूम." आपला घोडा त्याच रक्ताचा, असंही तुम्ही सांगायचात. खरंखोटं देव जाणे, याची ठेवण तर मला काठेवाडी दिसते. पण घोडी लावायचं आपण काही घेत नाही, सरकारी घोडा फुकट होता म्हणून आपलाही फुकट, ही ऐट तुम्ही राखलीत आणि मीही राखली. देवळ्याकडची माणसं तेवढी कांद्याची गोणी टाकून जातात.

माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, "नाना, चार दिवस जाऊन येऊ का?" तुम्ही घोड्याच्या मागच्या पायांना पिछाडीचा दोर बांधत होतात. "जा की. कोण अडवतंय? घोडं ऱ्हाईल उपाशी." तुम्ही ओरडला असता तर मी भांडले असते. तुम्ही ओरडला नाहीत. मी सकाळच्या एसटीने गेले. इगतपुरीत पाऊस असा की खिडकीतून समोरची चाळ दिसत नव्हती. वडिलांनी माझा डावा हात हातात घेतला, नाकापाशी नेला आणि म्हणाले, "हरभऱ्याचा वास येतो गं तुझ्या हाताला." मी परतीची एसटी गाठायला उठले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "इतक्यात?" घरी आले तर तुम्ही मला हाताला धरून तबेल्यात नेलंत आणि भरलेली बादली दाखवलीत. "बघ. तोंड लावलं नाय." त्याच आठवड्यात वडील गेले. आपण दोघं पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तिथे जमलेल्या माणसांना तुम्ही हात जोडून सांगितलंत, "आमच्या आज्याचं नाव राखलं हिनं." आणि नाना, मला तेव्हा बरं वाटलं. बाप गेलाय आणि मला बरं वाटतंय. आज त्या कौतुकाचा मला इतका राग येतो की लिहिताना अक्षर बिघडतंय.

त्यानंतर विचारायचंच सोडलं. भावाच्या मुलांची लग्नं मी फोटोत पाहिली. लेकीने पदवी घेतली, नोकरी धरली, बंगळूरला घर घेतलं, ते घर मी फोनवर पाहिलं, एकेक खोली. तिने स्वयंपाकघर दाखवलं आणि म्हणाली, "आई, इथे तू कुठल्याही हाताने वाढ." आता ती बाळंत व्हायची आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय, म्हणजे माहेरानेच तिकडे जायला हवं. मागच्या आठवड्यात तिने विचारलं, "तुला मी जास्त की घोडा?" मी म्हटलं, असं काय बोलतेस. पण येते म्हणाले नाही. घोड्याच्या भिंतीपलीकडे आता एका कंपनीचं गोदाम झालंय, रात्रंदिवस ट्रक लागतात. वळू घोडा, त्याला दुसऱ्या जनावरांत सोडता येत नाही. तो भिंतीच्या आत एकटा आणि मी त्याच्यापाशी. कधी कधी मला कळेनासं होतं की पिछाडी नक्की कोणाच्या पायात आहे.

काल दुपारी तुमचे देवळ्याचे दोस्त आले, घोडी परत न्यायला. थकलेत आता, नातवाच्या पिकअपमधून येतात. तुमच्या मुलाला धीर कुठला, दोस्त गाडीतून उतरायच्या आत ह्यांनी सांगितलं, "घोड्यानं माझ्या हातून खाल्लं!" म्हातारबुवा हसले. "खाईल नाय तर काय करील? हरभरा शे तो, जहर थोडंच शे!" मग ओसरीवर टेकले, माझ्या प्लास्टरकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. "माय, तुला एक सांगू का? नाना व्हता तवर बोललो नाय. त्याच्या ओसरीवर बसून त्याच्याच आज्याची मस्करी कशी करावी?"

त्यांचे आजोबा त्या सरकारी घोड्याकडे घोडी घेऊन यायचे, ठाण्यावर मुक्काम करायचे. ते घरी जे सांगायचे ते असं. साहेबाने पलटणीतला एक मोतद्दार आणला होता, तुमच्या आजोबांना घरी बसवायला. "मंग ह्या दोघा आज्यांनी काय केलं, निंबाचा पाला वाटला. एकानं खल धरला, एकानं वाटला. अन् नव्या गड्याच्या बादलीत गुपचूप कालवला. घोड्यानं तोंड घातलं अन् फुर्रकन समदी चंदी त्याच्या अंगावर उडवली! साहेब समोर उभा. मंग नानाच्या आज्यानं चांगली चंदी पुढं केली, घोड्यानं मुकाट खाल्ली. साहेब म्हणे, हा तर एका हाताचा घोडा!" म्हातारबुवा हसता हसता खोकायला लागले, ह्यांनी पाणी आणून दिलं. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "मग आईच्या मातीला का नाही गेले?"

त्यांचं हसू तिथेच थांबलं. "कसा जाईल, माय? तो गेला असता, अन् मागं घोड्यानं दुसऱ्याच्या हातचं खाल्लं असतं तर?"

नाना, कालपासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आजोबांनी पोटासाठी डाव टाकला, त्याला मी नावं ठेवत नाही. मीही तेच केलं असतं. पण तो डाव राखायचा म्हणून त्यांना आईची माती सोडावी लागली, आणि आपल्या घराने त्याचा धर्म केला. साहेब गेला, पलटण गेली, सरकारी घोडा कधीच मेला, आणि तो हुकूम आपण घरात सांभाळत बसलो. आजोबा निदान स्वतःच्या डावात अडकले. मी कशात अडकले? आणि मला तुम्हाला एकच विचारायचंय. मी इगतपुरीला गेले त्या दिवशी ती बादली तुम्ही घोड्यापुढे ठेवली होतीत का? की नुसती भरून ठेवलीत, मला दाखवायला? दोन्ही बाजूंनी विचार करून बघते. घोडा कोणाच्याही हातचं खातो हे तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही माझा बाप माझ्यापासून तोडलात. माहीत नसेल तर तुम्हीही माझ्यासारखेच अडकलेले. तुम्हाला आगगाडीची केवढी हौस. माझे वडील म्हणायचे, व्याहीबुवा, एकदा चला, दिल्लीपर्यंत हिंडवून आणतो. तुम्ही इगतपुरीच्या फलाटापलीकडे कधी गेला नाहीत, तिथेही घड्याळाकडे डोळा. मला दुसरं खरं असावंसं वाटतं. पण रागवायला पहिलं सोयीचं आहे, आणि काल दिवसभर मी तेच धरून बसले होते.

संध्याकाळी हे म्हणाले, "तू जा पोरीकडं. मी हाय ना." किती सहज म्हणाले. एका दिवसात ह्यांनी घोड्याच्या कानामागे कुठे खाजवायचं तेही शोधून काढलं होतं. दार उघडं होतं नाना, सताड उघडं. आणि मला भीती वाटली. या घरात चूल माझी झाली ती सासूबाई गेल्यावर, तीही उजव्या हाताने. माझं म्हणावं असं एकच होतं, की घोडा माझ्याच हातचं खातो. त्यासाठी मी एवढं सगळं सोडलं. आता तो कोणाच्याही हातचं खाणार असेल तर मी सोडलं कशासाठी? हा प्रश्न घेऊन लेकीच्या दारात उभं राहण्यापेक्षा मला भिंतीच्या आत बरं वाटलं.

हौदाजवळचा तुम्ही लावलेला कडुनिंब आता गोदामाच्या पत्र्यावर गेलाय. मी त्याखाली गेले आणि उजव्या हाताने पाला ओरबाडला, पदर भरून. स्वयंपाकघरात आले, खल काढला. शेजारी दुसऱ्या दिवसाची चंदी भिजत घातलेली. पण खल एका हाताने धरावा लागतो आणि दुसऱ्याने वाटावं लागतं. आजोबांना जोडीदार होता. माझा खल ओट्यावर गरगर फिरत राहिला, पाला इकडेतिकडे उडाला. मी तो पोटाशी दाबून धरला तर बत्ता निसटून पायावर पडता पडता राहिला. आवाज ऐकून हे आले. "काय वाटतीस? आण इकडं." आणि खाली मांडी घालून बसले, खल दोन्ही गुडघ्यांत धरला, बत्ता हातात घेतला. मग वर बघून विचारलं, "कशाला गं एवढा पाला?"

त्यांचा चेहरा बादली दाखवताना होता तसाच होता. मी म्हटलं, "बाळबाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात घालायला."

त्यांनी बत्ता खाली ठेवला. "मंग वाटतीस कशाला, येडे? वाळवून ने. तिकडं मिळतो का नाय कोणाला ठाऊक." ट्रंकेतून तुमचं जुनं धोतर काढलं, ओसरीवर पसरलं, आणि एकेक डहाळी वेगळी करून पाला त्यावर घातला. तेवढ्यावर थांबतील तर ते कसले. लेकीला फोन लावला आणि मी नको नको म्हणत असताना ओरडून सांगितलं, "आई येतीय! निंब घेऊन येतीय!" पलीकडे ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी फोन घेतला. विचारलं, तिकडे थंडी असते का, शाल आणू का.

तिकीट त्यांनी आज सकाळी काढून आणलं. आज सकाळची चंदीही त्यांनीच दिली. मी दारात गेले नाही, आतूनच चावण्याचा आवाज ऐकला. पाला पुरता वाळलेला नाही, पण पिशवी आत्ताच त्याच्या वासाने भरलीय. हे पत्र टपालात टाकायची सोय नाही, आणि असती तरी टाकलं नसतं, कारण तुमचं उत्तर ऐकायची माझी तयारी नाही. बाप-लेक दोघंही समजून चाललेत की आई बाळासाठी पाला तोडायला गेली. तुमच्यापासून काय लपवायचं, नाना, पाला तोडताना मला बाळाची आठवणसुद्धा नव्हती.